मॅजिक किंगडमचे परीक्षण, जमिनीपासून

मनोरंजन उद्यानाचे परीक्षण लिहायचे म्हटले की बहुतेक जण पाळणे, रांगा, खाद्यपदार्थ आणि तिकिटाचे दर यांपासून सुरुवात करतात. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधले सर्वांत जुने उद्यान असलेल्या मॅजिक किंगडमचे परीक्षण मी जमिनीपासून करणार आहे. तिथे गेलेल्या माणसाला जे मनापासून आवडते, त्यातले पुष्कळसे १ ऑक्टोबर १९७१ रोजी दरवाजे उघडण्याच्या कितीतरी आधी, १९६४ आणि १९६५ सालच्या खरेदीखतांमध्ये आणि त्यानंतरच्या भरावाच्या कामात ठरून गेले होते. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकते. बांधणी म्हणून हे उद्यान पहिल्या प्रतीचे आहे आणि जमीन गोळा करण्याचे कसब थक्क करणारे आहे. मात्र ती जमीन ज्या पद्धतीने मिळवली गेली आणि तिच्यावर पुढे ज्या प्रकारची सत्ता उभी राहिली, त्या दोन्हींबद्दल माझा आक्षेप आहे आणि तो मी इथे झाकून ठेवणार नाही.

स्वतःच्या गाडीने येणाऱ्या पाहुण्याला मॅजिक किंगडमच्या दारापर्यंत गाडी नेता येत नाही. गाडी वाहनतळावर ठेवायची, तिथून तिकीट आणि वाहतूक केंद्रावर यायचे आणि मग सेव्हन सीज लगून नावाचा तलाव फेरीबोटीने ओलांडायचा किंवा मोनोरेलने त्याला वळसा घालायचा, असा क्रम आहे. घाईत असलेल्याला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो आणि लहान मुले सोबत असली की चिडचिडही होते. तरीही माझा सल्ला फेरीबोटीचाच राहील, आणि बोटीत जागा पुढच्या कठड्याशी धरावी. डाव्या हाताला पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन या हॉटेलांची छपरे दिसतात, उजव्या हाताला काँटेम्पररी हॉटेलच्या कलत्या भिंती, आणि समोर झाडांच्या रांगेवर सिंडरेलाच्या किल्ल्याचे निळे कळस हळूहळू मोठे होत जातात. मी त्या सगळ्या दृश्यात परक्या दुकानाची पाटी, महामार्गावरचा जाहिरातफलक किंवा स्वस्त लॉजची इमारत मुद्दाम शोधत होते. ती दिसत नाही, कारण बाहेरचे जग तिथून कित्येक किलोमीटर लांब ठेवलेले आहे. ही मोकळीक एकरांच्या हिशेबाने विकत घेतलेली आहे, आणि ती का घ्यावी लागली हे कळण्यासाठी आधी कॅलिफोर्नियाकडे पाहावे लागते.

अनाहाइम येथील डिस्नेलँड हे वॉल्ट डिस्ने यांचे पहिले उद्यान. त्याची जागा ठरवण्यासाठी त्यांनी १९५३ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे अभ्यास सोपवला आणि तिथल्या हॅरिसन प्राइस यांनी लोकवस्तीची वाढ, येऊ घातलेले महामार्ग आणि हवामान यांचा मेळ घालून अनाहाइमच्या संत्र्यांच्या बागांकडे बोट दाखवले. निरनिराळ्या कुटुंबांकडून तिथली सुमारे १६० एकर जमीन घेण्यात आली. डोमिंगेझ कुटुंबाच्या अंगणातले एक जुने खजुराचे झाड त्या कुटुंबाच्या इच्छेनुसार तोडले गेले नाही. ते मुळांसह उचलून उद्यानाच्या अ‍ॅडव्हेंचरलँड भागात लावले गेले आणि आजही तिथे उभे आहे. जमीन देणाऱ्याची आठवण इतक्या साध्या आणि ठसठशीत रीतीने जपलेली मला दुसऱ्या कोणत्याही मोठ्या उद्यानात आढळलेली नाही. बांधकाम जुलै १९५४ मध्ये सुरू झाले आणि १७ जुलै १९५५ रोजी उद्यान उघडले. खर्च सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरवर गेला. पैशाची चणचण इतकी होती की एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने ५ लाख डॉलर गुंतवून आणि ४५ लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाची हमी घेऊन उद्यानाची जवळजवळ एक तृतीयांश मालकी मिळवली.

अशा ओढाताणीत सभोवतालची जमीन घ्यायला पैसा उरलाच नव्हता. उद्यान चालू लागले आणि कुंपणाबाहेर लॉज, खाणावळी, पेट्रोल पंप आणि भडक दिव्यांच्या पाट्यांची दाटी झाली. डिस्नेलँड हॉटेलसुद्धा जॅक रॅदर यांनी बांधलेले आणि त्यांच्या मालकीचे होते. डिस्ने कंपनीला ते १९८८ मध्ये विकत घ्यावे लागले. उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घालून आतल्या माणसाची नजर अडवली आहे आणि तो बांध आपले काम चोख करतो, पण दारातून बाहेर पडताच ते सगळे अंगावर येते. शेजारच्या फुजिशिगे कुटुंबाने आपली स्ट्रॉबेरीची शेती तर कित्येक दशके विकली नाही. १९९८ मध्ये व्यवहार झाला तेव्हा डिस्नेलँड उघडून चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती. पुढच्या उद्यानासाठी जमीन इतकी घ्यायची की शेजारीच उरू नये, हा धडा वॉल्ट डिस्ने यांनी अनाहाइममध्ये घेतला.

मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या जागांचा शोध साठच्या दशकाच्या सुरुवातीला चालू झाला. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी वॉल्ट डिस्ने यांनी विमानातून मध्य फ्लोरिडावर घिरट्या घातल्या आणि आंतरराज्य महामार्ग क्रमांक चार व फ्लोरिडा टर्नपाइक हे रस्ते ऑरलँडोजवळ एकमेकांना छेदतात ते ठिकाण वरून पाहिले. त्याच दिवशी अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. समुद्रकिनारा जवळ नसणे ही त्यांच्या दृष्टीने सोय होती, कारण फुकटच्या किनाऱ्याशी स्पर्धा नको होती. जमीन पाणथळ, सायप्रसच्या दलदलींनी आणि गुरांच्या चराऊ रानांनी भरलेली होती, म्हणून स्वस्त होती. ती स्वस्त राहायची तर विकत घेणारा कोण आहे हे कुणाला कळता कामा नये, आणि इथून पुढचा भाग हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत वाचनीय भाग आहे.

खरेदीची सूत्रे कंपनीचे वकील रॉबर्ट फॉस्टर यांच्याकडे होती. ते फ्लोरिडात रॉबर्ट प्राइस या खोट्या नावाने वावरत. मायामीतील वकील पॉल हेलिवेल मध्ये उभे राहिले आणि ऑरलँडोतील फ्लोरिडा रँच लँड्स या दलाल पेढीने जमिनी दाखवायला सुरुवात केली. खरा ग्राहक कोण याचा पत्ता दलालांनाही नव्हता. खरेदी एकाच नावावर झाली असती तर नोंदणी कार्यालयात ती चटकन डोळ्यांत भरली असती, म्हणून टोमाहॉक प्रॉपर्टीज, बे लेक प्रॉपर्टीज, रीडी क्रीक रँच, आयफोर कॉर्पोरेशन, लॅटिन अमेरिकन डेव्हलपमेंट अशा निरनिराळ्या कंपन्या उभ्या केल्या गेल्या. कामाचा क्रमही नीट आखलेला होता. आधी मोठे सलग पट्टे धरायचे, तेही लगेच खरेदीखत न करता थोडी रक्कम देऊन ठरावीक मुदतीत ठरावीक भावाने विकत घेण्याचा हक्क राखून ठेवायचा. सगळे पट्टे जुळले नाहीत तर ती थोडी रक्कम सोडून बाजूला व्हायचे. डेमेट्री बंधूंचा सुमारे १२,४०० एकरांचा पट्टा आणि राज्याच्या सिनेटचे सदस्य व मोठे पशुपालक अर्लो ब्रॉन्सन यांचा ८,००० एकरांहून मोठा पट्टा हे यातले प्रमुख.

डेमेट्री यांच्या जमिनीत एक मोठीच अडचण निघाली. वरची जमीन त्यांची, पण तिच्याखालच्या खनिजांचा हक्क मॅसॅच्युसेट्समधील टफ्ट्स विद्यापीठाकडे होता. असा हक्क ज्याच्याकडे असतो तो खनिजाच्या शोधासाठी वरच्या जमिनीत उतरू शकतो, म्हणजे उद्या किल्ला बांधला आणि कुणी त्याखाली खणायला आले तर अडवणार कसे, असा तो प्रश्न होता. फॉस्टर यांनी विद्यापीठाशी बोलणी करून तो हक्क १५,००० डॉलरमध्ये सोडवून घेतला. सगळ्या प्रकल्पाच्या मानाने ही रक्कम नगण्य आहे, पण ती दिली गेली नसती तर पुढचे काहीच उभे राहिले नसते. जमिनीच्या व्यवहारात भावापेक्षा मालकीचा स्वच्छपणा किती मोलाचा असतो, हे या एका कागदाइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

मोठ्या पट्ट्यांच्या मधोमध लहान तुकडे होते आणि खरी दमछाक त्यांनी केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मंगर लँड कंपनीने इथले पाच-पाच एकरांचे तुकडे टपालाने विकले होते. घेणारे दूरच्या राज्यांतले. त्यांच्यापैकी कित्येकांनी आपली जमीन कधी पाहिलीही नव्हती, आणि पाहिली असती तर ती पाण्याखाली आढळली असती. पन्नास वर्षांनंतर मूळ मालक वारले होते, वारस पांगले होते आणि नकाशावर ही ठिगळे मात्र गोधडीसारखी तशीच जोडलेली होती. एकेका वारसाचा माग काढून, पत्रे पाठवून, कमिशनवर माणसे नेमून हे तुकडे गोळा केले गेले. शेवटी सुमारे २७,४०० एकर, म्हणजे साधारण १११ चौरस किलोमीटर जमीन हाती आली. मॅनहॅटन बेटाच्या जवळजवळ दुप्पट असलेल्या या जमिनीला एकूण ५० लाख डॉलरांहून थोडा अधिक खर्च आला, म्हणजे एकराला सरासरी २०० डॉलरदेखील पडले नाहीत.

या कंपन्यांची नावे उद्यानात वाचायला मिळतात, हे फार थोड्या पाहुण्यांच्या लक्षात येते. दारातून आत गेल्यावर लागणाऱ्या मेन स्ट्रीटवरच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावरील खिडक्यांच्या काचांवर सोनेरी आणि रंगीत अक्षरांत काल्पनिक पेढ्यांची नावे रंगवलेली आहेत आणि प्रत्येक पेढीच्या नावाआड उद्यान उभारणाऱ्या खऱ्या माणसांना मान दिलेला आहे. त्यातल्या एका खिडकीवर एम. टी. लॉट नावाची जमीनजुमल्याची पेढी आहे, अध्यक्ष म्हणून कंपनीचे वरिष्ठ अधिकारी डॉन टेटम यांचे नाव आहे आणि खाली उपकंपन्या म्हणून टोमाहॉक, आयफोर, बे लेक, रीडी क्रीक यांची यादी आहे. दुसऱ्या एका खिडकीवर वॉल्ट यांचे बंधू रॉय डिस्ने आणि रॉबर्ट फॉस्टर यांची खरेदीच्या काळातली टोपणनावे आहेत. खाली उसळलेल्या गर्दीत थांबून, मान वर करून ही अक्षरे वाचायला थोडा हट्ट लागतो, कारण मागून येणारी बाबागाडी पायावर चढण्याची भीती असते. पण माझ्या मते या उद्यानातला सर्वांत प्रामाणिक कोपरा तोच आहे. ज्या गोष्टी एके काळी जिवापाड लपवल्या, त्याच भर रस्त्यात लिहून ठेवल्या आहेत.

तेवढ्याने माझा आक्षेप मिटत नाही. ऑक्टोबर १९६५ मध्ये ऑरलँडो सेंटिनेल या वृत्तपत्राच्या एमिली बाव्हार यांनी कॅलिफोर्नियात खुद्द वॉल्ट डिस्ने यांना प्रश्न विचारला आणि त्यांच्या उत्तरातली मध्य फ्लोरिडाची बारीक माहिती ऐकून अनोळखी ग्राहक कोण हे ताडले. बातमी छापली गेली, राज्यपाल हेडन बर्न्स यांनी तिला दुजोरा दिला आणि १५ नोव्हेंबर १९६५ रोजी जाहीर पत्रकार परिषद झाली. त्यानंतर आसपासच्या जमिनीचे भाव कित्येक पटींनी चढले. ज्यांनी आधी विकली त्यांना त्यातले काही मिळाले नाही, आणि ज्यांच्या जमिनी कुंपणाबाहेर राहिल्या ते श्रीमंत झाले. गुप्ततेशिवाय इतकी सलग जमीन जमलीच नसती, हा बचाव मला कळतो आणि व्यवहाराच्या बाजूने तो खराही आहे. पाण्याखालच्या तुकड्याला कुणीतरी पैसे देतो आहे याचा कित्येक वारसांना आनंदच झाला असणार. तरीही विकणाऱ्याला ग्राहकाचे नाव माहीत नसताना ठरलेला भाव हा दोन समान माणसांत ठरलेला भाव नव्हे, असे मला ठामपणे वाटते. कायद्याने मान्य असलेली ही रीत आजही मोठे प्रकल्प वापरतात, म्हणून या मुद्द्यावर मी गुण कापते.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे. वॉल्ट डिस्ने १५ डिसेंबर १९६६ रोजी वारले. त्यांचे थोरले बंधू रॉय यांनी निवृत्ती पुढे ढकलून काम हाती घेतले आणि मे १९६७ मध्ये राज्यपाल क्लॉड कर्क यांनी ज्या कायद्यांवर सही केली त्यांतून रीडी क्रीक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट जन्माला आले. स्वतःची बांधकाम नियमावली, रस्ते, सांडपाणी, वीज, अग्निशमन, रोखे काढण्याचा अधिकार, इतकेच काय, विमानतळ आणि अणुवीज केंद्र उभारण्याची मुभाही या संस्थेला मिळाली. तिच्या संचालकांच्या निवडणुकीत मत एकरावर मोजले जाई, आणि जवळजवळ सगळे एकर एकाच मालकाचे होते. या व्यवस्थेमुळे बांधकाम झपाट्याने आणि उत्तम दर्जाचे झाले हे मी नाकारत नाही. परंतु तिथे वीस हजार लोकवस्तीचे प्रायोगिक शहर उभे राहील, असे चित्र रंगवून हे अधिकार मागितले गेले होते आणि ते शहर कधीच उभे राहिले नाही. एपकॉट नावाने १९८२ मध्ये जे उघडले ते आणखी एक उद्यान होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये फ्लोरिडाने कायदा बदलला, संस्थेचे नाव सेंट्रल फ्लोरिडा टुरिझम ओव्हरसाइट डिस्ट्रिक्ट झाले आणि संचालक नेमण्याचा अधिकार राज्यपालांकडे गेला. त्यामागचे राजकारण निराळे होते आणि ते या परीक्षणाचा विषय नाही, पण मत माणसाला असावे की एकराला, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा होता.

आता बांधणीकडे वळते, कारण इथे मात्र मनापासून कौतुक करावे असेच सगळे आहे. पाण्याची व्यवस्था लावण्याचे काम मेजर जनरल जो पॉटर यांच्याकडे होते, जे पूर्वी पनामा कालवा प्रदेशाचे गव्हर्नर होते, आणि बांधकामाची धुरा निवृत्त रिअर अ‍ॅडमिरल जो फाउलर यांच्याकडे होती, ज्यांनी डिस्नेलँडही उभे केले होते. दलदल सरसकट बुजवून टाकण्याऐवजी त्यांनी कालवे आणि बांध यांचे सुमारे ९० किलोमीटर लांबीचे जाळे विणले. त्यातले दरवाजे तरंगत्या भारावर चालतात. पाणी ठरावीक पातळीवर आले की ते विजेशिवाय आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. कालवे सरळ रेषेत न खणता वळणे देऊन खणले, त्यामुळे पाहणाऱ्याला ते ओढ्यासारखे वाटतात. शिवाय ७,५०० एकर क्षेत्र कायमचे राखीव ठेवले गेले.

बे लेक हा नैसर्गिक तलाव झाडांच्या पालापाचोळ्याने काळ्या पाण्याचा झाला होता. तो उपसून कोरडा केला, तळाचा चिखल काढला, तेव्हा खाली पांढरी वाळू लागली. तीच पुढे हॉटेलांच्या किनाऱ्यांवर पसरली गेली. त्याच्या शेजारी जो सेव्हन सीज लगून मी फेरीबोटीने ओलांडला तो माणसांनी खणलेला आहे. त्यातून निघालेली लाखो घनमीटर माती उद्यानाच्या जागेवर आणून टाकली आणि ती जागा सुमारे चार मीटर उंच केली. भूजलाची पातळी इतकी वर होती की तळघर खणणे शक्यच नव्हते, म्हणून उलट बाजूने विचार केला गेला: सेवामार्ग जमिनीच्या पातळीवर बांधायचे, त्यांच्याभोवती माती भरायची आणि उद्यान वरच्या मजल्यावर उभारायचे. पाहुणा मेन स्ट्रीटवर जमिनीवर चालतो आहे असे समजतो, प्रत्यक्षात तो दुसऱ्या मजल्यावर असतो. खणलेल्या मातीने तलाव दिला, भराव दिला, आणि तलावामुळे दारापासून वाहनतळ दूर ठेवता आला. एकाच कामातून तीन गरजा भागवण्याची ही अक्कल मला किल्ल्याच्या कळसांपेक्षा अधिक सुंदर वाटते.

हे सेवामार्ग पाहायचे असतील तर कीज टू द किंगडम ही मार्गदर्शकासह चालणारी सशुल्क फेरी आहे, आणि माझी शिफारस तिच्यासाठी आहे. फेरी सुमारे पाच तासांची असते, सोळा वर्षांखालील मुलांना घेत नाहीत आणि पडद्यामागच्या भागात छायाचित्रे काढायला सक्त मनाई आहे. जिना उतरून खाली गेले की संगीत आणि रोषणाई एकदम संपते. काँक्रीटची रुंद बोळे, डोक्यावर नळांच्या आणि तारांच्या रांगा, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आणि आपापल्या कामावर निघालेले कर्मचारी, असा एखाद्या मोठ्या इस्पितळाच्या मागच्या बाजूचा नित्याचा व्यवहार तिथे चालू असतो. मध्येच छतालगतच्या जाड नळातून सूं असा आवाज सरकत जातो: वरच्या कुंड्यांमधला कचरा स्वीडनमध्ये तयार झालेल्या यंत्रणेने हवेच्या ओढीने ताशी सुमारे ९५ किलोमीटर वेगाने उद्यानाच्या मागे ओढला जात असतो. वरच्या रस्त्यांवर कचऱ्याची गाडी का दिसत नाही, याचे उत्तर त्या आवाजात मिळते. छायाचित्रांच्या बंदीबद्दल काही जण नाराज होतात, पण मला ती पटली. हातात फोन नसल्यामुळे माणसे मान वर करून नळ पाहतात आणि प्रश्न विचारतात.

किल्ला १८९ फूट उंच आहे. आतला सांगाडा पोलाद आणि काँक्रीटचा, वरचे मनोरे फायबरग्लासचे, आणि वरच्या दिशेने दगड व खिडक्या लहान होत गेल्यामुळे तो आहे त्याहून उंच भासतो. उंची २०० फुटांच्या आत ठेवली गेल्यामुळे कळसावर विमानांसाठी लुकलुकणारा दिवा लावावा लागला नाही. काँटेम्पररी हॉटेलच्या खोल्या यूएस स्टील कंपनीने जवळच उभारलेल्या कारखान्यात फरशी, नळ आणि स्नानगृहासह तयार केल्या आणि क्रेनने उचलून पोलादी चौकटीत बसवल्या. उद्घाटनापर्यंतचा एकूण खर्च सुमारे ४० कोटी डॉलर झाला. ज्या जमिनीला ५० लाख लागले तिच्यावर हा खर्च झाला, हे प्रमाण लक्षात घेण्यासारखे आहे. उद्घाटनानंतर तीन महिन्यांच्या आत, २० डिसेंबर १९७१ रोजी, रॉय डिस्ने यांचेही निधन झाले.

इतर देशांतील डिस्ने उद्याने पाहताना मी हीच मोजपट्टी लावते. टोकियो डिस्नेलँड उरायासू येथे समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या ओरिएंटल लँड कंपनीने तिथल्या कोळ्यांशी वर्षानुवर्षे बोलणी केली. कोळ्यांनी मासेमारीचे हक्क १९६२ मध्ये अंशतः आणि १९७१ मध्ये पूर्णपणे सोडले, आणि १५ एप्रिल १९८३ रोजी उद्यान उघडले. मालकी आजही त्या जपानी कंपनीचीच आहे आणि डिस्नेला स्वामित्वधन मिळते. भरावाची वाळू ठोकून घट्ट केल्याचा फायदा मार्च २०११ च्या भूकंपात दिसला: उरायासूच्या बऱ्याच भागात जमीन पातळ होऊन रस्ते उसवले, उद्यानाच्या वाहनतळालाही झळ लागली, पण आतल्या इमारती आणि पाळणे बचावले. कोळ्यांचा समुद्र परत येणार नाही हे खरे असले तरी समोरासमोर बसून, नाव सांगून झालेली ही बोलणी मला फ्लोरिडातल्या खरेदीपेक्षा वरच्या दर्जाची वाटतात.

पॅरिसजवळ मार्न-ला-व्हॅले येथे सरकार थेट मध्ये होते. २४ मार्च १९८७ रोजी पंतप्रधान जॅक शिराक यांच्या सरकारशी करार झाला, १,९४३ हेक्टर जमीन, म्हणजे पॅरिस शहराच्या पाचव्या हिश्शाएवढा प्रदेश, १९७१ च्या शेतजमिनीच्या भावाने उपलब्ध झाला आणि उपनगरी रेल्वे दारापर्यंत आली. करार उघड होता, चर्चा उघड होती, पण स्वस्त भावाचा आणि रेल्वेचा भार सार्वजनिक तिजोरीने उचलला. हाँगकाँगमध्ये पेनीज बे येथे भराव घालताना जुन्या जहाजबांधणीच्या गोदीखालची माती डायऑक्सिन या विषारी रसायनाने दूषित आढळली आणि ती सरकारलाच स्वच्छ करावी लागली. शेवटचे उदाहरण अमेरिकेतल्याच एका न बांधलेल्या उद्यानाचे आहे. व्हर्जिनियातील हेमार्केटजवळ सुमारे ३,००० एकरांवर डिस्नेज अमेरिका उभारण्याची घोषणा नोव्हेंबर १९९३ मध्ये झाली. जमीन पुन्हा गाजावाजा न करता राखून ठेवली होती. पण मनॅसस हे यादवी युद्धातले रणक्षेत्र जवळ होते. डेव्हिड मॅकलॉ आणि जेम्स मॅकफर्सन यांच्यासारखे इतिहासकार विरोधात उभे राहिले आणि सप्टेंबर १९९४ मध्ये कंपनीने माघार घेतली. दलदलीच्या बाबतीत चाललेली पद्धत लोकांच्या स्मृतीशी जोडलेल्या जमिनीवर चालली नाही.

फ्लोरिडाच्या जमिनीचा पाहुण्याला होणारा त्रासही सांगितला पाहिजे. सगळे इतके लांब लांब आहे की चार उद्यानांमध्ये फिरताना दिवसाचा मोठा वाटा बस, बोट आणि मोनोरेलमध्ये जातो, आणि एकदा आत शिरले की जेवण, मुक्काम, प्रवास सारे एकाच मालकाच्या दराने घ्यावे लागते. दुसरीकडे, नव्वदच्या दशकात पुढच्या बांधकामाच्या परवानग्या मिळवताना पाणथळींच्या नुकसानीची भरपाई म्हणून दक्षिणेकडचे सुमारे ८,५०० एकरांचे वॉकर रँच विकत घेऊन ते नेचर कन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेकडे सोपवले गेले, आणि सलग मोठे रान राखण्याची ती कल्पना विखुरलेल्या लहान डबक्यांच्या जपणुकीपेक्षा खूपच शहाणपणाची होती. माझी एक मागणी आहे. मेन स्ट्रीटवरच्या खिडक्यांत घेणाऱ्यांची नावे आहेत. विकणाऱ्यांची नावे, निदान त्या पट्ट्यांचा नकाशा, फेरीबोटीच्या धक्क्यावर लावायला हवा.

जाणाऱ्यांसाठी एवढेच. मार्गदर्शकासह फेरी घ्यायची तर आरक्षण बरेच आधी करावे, चालण्याचे बूट घालावेत आणि त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये. ती जमणार नसेल तर सकाळी उद्यान उघडताच मेन स्ट्रीटवरच्या खिडक्या वाचून घ्याव्यात, कारण गर्दी वाढल्यावर तिथे थांबता येत नाही. आणि जमिनीचा पसारा डोळ्यांखालून घालायचा असेल तर तिकीट आणि वाहतूक केंद्रावरून एपकॉटकडे जाणाऱ्या मोनोरेलमध्ये बसावे. वाटेत राखलेले रान उंचावरून दिसते आणि त्या प्रवासाला वेगळे तिकीट लागत नाही.